रोपांचे सव्वीस दिवस

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून आल्यावर दुसऱ्या दिवशी घर एकाएकी मोठे झाल्यासारखे वाटते. मखराची जागा मोकळी, दूर्वांची परडी रिकामी आणि दहा दिवस आरत्या म्हणून घसे बसलेले. हैदराबादेत टोमॅटोचे बी केव्हा पेरावे, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही याच दिवसाकडे बोट दाखवतो. त्यामागे कोणतेही शास्त्रवचन नाही. साधा हिशेब आहे. अनंत चतुर्दशीपासून विजयादशमीपर्यंत सुमारे सव्वीस दिवस होतात, आणि बी पेरल्यापासून रोप कायमच्या जागी लावण्याजोगे होण्यास टोमॅटोला पंचवीस ते तीस दिवस लागतात. २०२५ साली चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला, मोजून सव्वीस. मध्ये अधिक आश्विन आला, जसा २०२० साली आला होता, तर मात्र चतुर्दशीचा नियम बाजूला ठेवावा आणि सप्टेंबरअखेरचा सुमार धरावा.

हा हिशेब आपल्या शहराच्या हवेशीही जुळतो. टोमॅटोला ऊब हवी, काहिली नको. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांपलीकडे गेले आणि रात्रही उकाड्याची राहिली, की फुलांतील पराग निकामी होतात आणि फुले फळ न धरताच गळतात. संक्रांतीनंतर पेरलेले बी म्हणूनच ऐन बहरात आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात सापडते. मृगावर पेरावे, तर पुढे तीन महिने पाऊस आणि पावसाबरोबर येणारे रोग. सप्टेंबरात पेरलेल्या बीला उगवणीपुरती ऊब मिळते, लावणीच्या वेळी पाऊस सरत आलेला असतो आणि फुले येतात ती कार्तिक-मार्गशीर्षाच्या गारव्यात.

एवढे ज्ञान पदरी असूनही २०२३ साली आम्ही जी चूक केली, ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. वाचकांपैकी पुष्कळांच्या हातून तीच चूक होत असावी, असा आमचा अंदाज आहे.

त्या वर्षीच्या जुलैत टोमॅटोने देशभर जो भाव घेतला, तो सर्वांच्या स्मरणात असेल. किलोला शंभर-दीडशे रुपये मोजावे लागत होते, आणि केंद्र सरकारला १४ जुलैपासून दिल्ली व आसपासच्या शहरांत नव्वद रुपये किलोने टोमॅटो विकण्याची व्यवस्था करावी लागली होती. त्याआधी दोनच वर्षे, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, नाशिककडचे शेतकरी भाव कोसळल्यामुळे हाच माल रस्त्यावर ओतत होते. आपल्या बाजारात टोमॅटो येतो तो चेवेळ्ळा-विकाराबादकडून आणि शिवाय मदनपल्ली, कोलारहून. तिकडे पाऊस बिघडला किंवा पिकावर रोग पडला की इकडे आमटीतला टोमॅटो अर्धा होतो. त्या महिन्यात शेजारच्या आणि नात्यातल्या सात घरांनी आमच्याकडे रोपांची मागणी केली. आम्हीही मोठ्या उदारपणे सांगून बसलो, की दसऱ्याला सोने द्यायला येऊ, तेव्हा प्रत्येक घरी एकेक रोप घेऊन येऊ.

आमच्या या उदारपणाला आधार होता तो तपकिरीच्या एका जुन्या डबीचा.

आई १९५५ साली लग्न होऊन नांदेडहून हैदराबादेत आली. त्या वेळी नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आईचे माहेर परराज्यात पडले. माहेरच्या परसातले टोमॅटोचे बी तिने बरोबर आणले होते. फळ लहान, किंचित चपटे, देठाकडे घड्या पडलेले आणि चवीला चांगलेच आंबट. आमच्या आजीच्या सोवळ्यात मात्र टोमॅटोला प्रवेश नव्हता. त्याचा लाल रस पाहून जुन्या मंडळींना मांसाची आठवण होई. श्राद्धाच्या स्वयंपाकात तर तो पुष्कळ घरी आजही चालत नाही. दक्षिण अमेरिकेत जन्मलेले, मेक्सिकोत शेतीला लागलेले आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे उतरलेले हे फळ. लोकांनी त्याला ओळखीच्या गोतात बसवून घेतले. जुन्या मराठीत ते बेलवांगे झाले, बंगालीत विलायती बेगुन, तेलुगूत राममुलग. वनस्पतिशास्त्रानेही पुढे त्याची तीच सोयरीक मान्य केली, कारण वांगे, मिरची, बटाटा, तंबाखू आणि टोमॅटो ही एकाच कुळातली. आईने परसात झाड वाढवले, सार वेगळ्या पातेल्यात केले आणि काही वर्षांनी ते पातेले निमूटपणे ओट्यावरच्या इतर भांड्यांत जाऊन बसले.

बी राखण्याची तिची रीत आजही शास्त्राला धरूनच आहे. निरोगी झाडाचे पुरते पिकलेले फळ घ्यावे, गर वाटीत पिळावा, त्यात थोडे पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवावा. वर फेस येतो, वास येतो, येऊ द्यावा. बीभोवती जे बुळबुळीत आवरण असते, ते बीला फळाच्या आतच उगवू देत नाही. आंबवल्याने ते सुटते. मग बी चोळून, धुऊन, ताटलीत पसरून सावलीत वाळवावे आणि कागदाच्या पुडीत बांधून कोरड्या जागी ठेवावे. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून देशी किंवा सरळ वाणाचे बी पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरते. बाजारातील संकरित बियाण्याचे मात्र तसे नाही. त्याच्या फळातले बी राखले तर पुढच्या वर्षी नातवंडे आजोबांसारखी निघतील याची खात्री नसते.

आई २०२२ च्या उन्हाळ्यात गेली. डबीतल्या पुडीवर तिच्या अक्षरात ‘फेब्रुवारी २०२१’ असे लिहिलेले होते. टोमॅटोचे बी कोरडे राहिले तर तीन-चार वर्षे उगवते. म्हणजे वेळ होती, पण फार नव्हती. आम्ही बिया मोजल्या, साठ भरल्या. सगळ्याच पेरायला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी बारा बिया बाजूला काढून पुन्हा पुडीत बांधल्या. घरातले सगळे धान्य एकदम चुलीवर चढवू नये, एवढेच त्या म्हणाल्या.

२९ सप्टेंबरला आंब्याच्या पेटीत माती भरून आम्ही अठ्ठेचाळीस बिया पेरल्या. सहाव्या दिवशी माती उकलली, वाकलेल्या माना वर आल्या. एक्केचाळीस कोंब आम्ही पुनःपुन्हा मोजले. आणि मग आमचे प्रेम अनावर झाले. सकाळी शाळेला निघताना पाणी, परतल्यावर पाणी, निजताना बॅटरी घेऊन पाहणी आणि माती वरून जरा सुकी भासली की पुन्हा पाणी. पाऊस आला तर, म्हणून वर प्लॅस्टिकचे झाकण. तेलुगूत एक म्हण आहे, ‘नारु पोसिनवाडु नीरु पोयडा?’ ज्याने रोप टाकले, तो पाणी घालणार नाही काय? परमेश्वराच्या भरवशावर निश्चिंत राहावे, असा तिचा आशय. आम्ही ती शब्दशः आचरणात आणली. ९ ऑक्टोबरच्या सकाळी झाकण काढले, तो निम्मी रोपे आडवी पडलेली. पाने हिरवी होती. फक्त मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक होऊन काळवंडला होता. संध्याकाळपर्यंत उरलेलीही गेली.

दोन मेलेली रोपे कागदात गुंडाळून आम्ही रस्त्याकडेला कुंड्या विकणाऱ्या, ओळखीच्या एका वृद्ध माळ्याकडे नेली. त्याने ती हातातही घेतली नाहीत. “मास्टर साब, पौदे पाल रैं या डुबा रैं?” एवढेच त्याने विचारले.

शेतकरी या रोगाला रोपे कोलमडणे किंवा रोपांची मर म्हणतात. पिथियम आणि त्याच्या जातीची सूक्ष्म बुरशी मातीत असतेच. माती सतत चिकट ओली, रोपे दाटीने उभी आणि वारा कोंडलेला, असे तिला मिळाले की ती कोवळ्या देठावर जमिनीलगत हल्ला करते. एकदा रोप पडले की उपाय नाही. जे करायचे ते आधी. आमच्या पेटीत तिन्ही गोष्टी आम्ही स्वहस्ते पुरवल्या होत्या. पेटीला खाली भोके नव्हती, बिया मुठीने टाकलेल्या होत्या आणि वर झाकण होते. शिवाय खत पुरते कुजलेले नव्हते.

१० ऑक्टोबरला आम्ही उरलेल्या बारा बिया बाहेर काढल्या. पितृपक्ष चालू होता. या दिवसांत नवे काम काढू नये, असे घरातून सुचवण्यात आले. पण बी आईचेच होते. हे काम तिला नवे वाटले नसते, असे म्हणून आम्ही पेरणी केली.

या वेळी माती आधी तयार केली. चाळलेली तांबडी माती एक भाग, पुरते मुरलेले गांडूळखत एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला आता सगळीकडे कोकोपीट म्हणतात, एक भाग. त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा पूड मिसळली. ही मित्रबुरशी शत्रुबुरशीला जागा मिळू देत नाही, आणि खताच्या दुकानांत ती सहज मिळते. ज्यांना पुढच्या वर्षीची तयारी आतापासून करायची असेल, त्यांनी वैशाखातले ऊन वाया घालवू नये. माती ओलसर करून गच्चीवर पसरावी, पारदर्शक प्लॅस्टिकने घट्ट झाकावी आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. हैदराबादच्या उन्हात त्या झाकणाखाली जी उष्णता साठते, तिने मातीतली बुरशी आणि तणाचे बी पुष्कळसे मरून जाते.

पेटीऐवजी आम्ही चहाचे मोठे कागदी पेले घेतले आणि प्रत्येकाच्या बुडाला तीन भोके पाडली. एका पेल्यात एकच बी, अर्धा सेंटीमीटर खोल. वर हलकी माती आणि एकदाच भरपूर पाणी. ज्यांना पेटीतच पेरायचे असेल, त्यांनी बोटभर अंतराच्या रेघा ओढून बी पातळ पेरावे आणि पहिली दोन गुळगुळीत पाने जाऊन कातरलेले खरे पान दिसू लागले की एकेक रोप वेगळ्या पेल्यात हलवावे. हलवताना रोप पानाला धरून उचलावे, देठाला कधीही नाही. एक पान दुखावले तर दुसरे येते. देठ चेपला तर रोप संपले.

पाण्याचा नियम माळ्याने शिकवला तो असा. घड्याळ पाहून पाणी घालू नये, पेला उचलून पाहावा. हाताला हलका लागला तरच पाणी द्यावे. दिवसा माती वरून सुकावी म्हणून पाणी नेहमी सकाळी, आणि तेही वरून न ओतता ताटलीत घालून त्यात पेले अर्धा तास ठेवावेत. माती खालून ओल ओढून घेते, देठ कोरडा राहतो आणि मुळे पाण्याच्या शोधात खाली जातात. मातीच्या पृष्ठभागी सदैव पाणी मिळाले तर मुळांनी खाली जावेच कशाला?

बारांपैकी नऊ बिया १६ ऑक्टोबरला उगवल्या. आदल्याच दिवशी घटस्थापना झाली होती, त्यामुळे पुढील आठ दिवस एकाच घरात दोन प्रकारचे अंकुर वाढताना पाहण्याचा योग आला. देवघरातल्या घटाभोवतीचे धान्य अंधुक उजेडात भराभर उंच झाले. विजयादशमीला ते तुरे वीतभर वाढलेले, पिवळसर, नाजूक असे आपण देवाला वाहतो आणि टोपीत खोवतो. तेथे तेच शोभते. गच्चीवरची टोमॅटोची रोपे मात्र त्याच मुदतीत जेमतेम दोन बोटे वाढली होती, पण गर्द हिरवी आणि बुटकी. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात ताणले जाते. बीमधली आणि पानांतली सारी शिदोरी उंचीवर खर्च होते आणि देठ पोकळ राहतो. खिडकीतल्या रोपाची उंची पाहून पुष्कळ जण आनंदतात. ती वाढ नव्हे, उपासमार आहे. उगवल्याच्या दिवसापासूनच रोपाला उघड्या आकाशाचा उजेड हवा. पहिले चार-पाच दिवस सकाळचे कोवळे ऊन, मग क्रमाने वाढवीत दिवसातून सहा तास.

आपल्या हवेतला रोपांचा दुसरा वैरी म्हणजे पांढरी माशी. आकाराने ती एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि पानांच्या मागे दडून रस शोषते. तिने रस शोषण्यापेक्षा ती जो विषाणू आणते, तो घातक. पाने वर वळतात, चुरडतात, झाड खुजे राहते. याला पर्णगुच्छ किंवा चुरडा-मुरडा म्हणतात आणि त्यावर औषध नाही. कोवळ्या वयात हा रोग जडला तर त्या झाडाकडून फळाची आशाच सोडावी. मच्छरदाणीची जाळी येथे उपयोगी पडत नाही; तिच्या भोकांतून माशी सहज आत जाते. रोपवाटिकांत यासाठी बारीक विणीची नायलॉनची जाळी असते. आम्ही सौभाग्यवतींची जुनी मलमलची ओढणी चार काठ्यांवर ताणली. उजेड येत होता, वारा खेळत होता, माशी बाहेर राहिली. जवळच पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगले तर पिवळ्या रंगाकडे ओढल्या जाणाऱ्या माशा त्याला चिकटतात.

आणखी एक सूचना काही वाचकांस झोंबेल, पण ती खरी आहे. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातली असल्यामुळे तंबाखूवरचा केवडा रोगाचा विषाणू टोमॅटोलाही लागतो, आणि तो वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. ज्या हातावर तंबाखू मळली, तो हात साबणाने धुतल्यावाचून रोपाला लावू नये. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी हे ऐकून रोपांना हात लावणे बंद केले. तंबाखू सोडली नाही.

ज्यांच्याकडे घरचे बी नाही, त्यांनी खात्रीचे विकत घ्यावे. दिल्लीच्या पुसा संस्थेचे पुसा रुबी, बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे अर्का विकास आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री हे सरळ वाण आहेत. त्यांचे बी राखता येते. बंगळूरच्याच संस्थेचे अर्का रक्षक हे संकरित वाण चुरडा-मुरड्यासह तीन रोगांना तोंड देते, पण त्याचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते. विकतच्या बीवर लाल किंवा निळा रंग असेल तर ते औषध असते, मुलांच्या हाती देऊ नये.

आता रोपे कणखर करण्याविषयी. लावणीच्या आधीचा आठवडा रोपांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. या आठवड्यात पाणी कमी करावे. पाने दुपारी किंचित मलूल दिसली तरी लगेच झारी उचलू नये. ओढणीची सावली काढून घ्यावी, वारा लागू द्यावा, खत पूर्ण बंद ठेवावे. रोपाची वाढ थबकते, पानांवरचे मेणचट आवरण जाड होते, देठ जांभळट आणि टणक होतो. वरून पाहणाऱ्याला हे निष्ठुरपण वाटते. पण पेल्यातून निघून मोकळ्या मातीत गेल्यावर पहिल्या दुपारी जे ऊन सोसायचे असते, त्याची ओळख रोपाला आधीच झालेली असावी लागते. शिक्षकी पेशात आम्ही हेच मुलांच्या बाबतीत पाहत आलो आहोत. जे पालक मुलाचे दप्तर वर्गाच्या बाकापर्यंत आणून देतात, त्यांचे मूल परगावच्या वसतिगृहात पहिल्या महिन्यात कोमेजते. हे आम्ही इतर पालकांना सांगत असू. घरच्या पेटीपाशी मात्र आम्हांस त्याचा विसर पडला होता.

दसरा, २४ ऑक्टोबर, आला आणि आमच्या रोपांना एकच खरे पान होते. आपल्या मंडळींनी आपट्याची पाने दिली, तेलुगू शेजाऱ्यांनी जम्मीची म्हणजे शमीची; दोघांनीही ती सोने म्हणूनच दिली. आम्ही सातही घरी नुसते सोने घेऊन गेलो आणि रोप पाडव्याला आणतो, अशी मुदतवाढ मागितली.

पाडवा १४ नोव्हेंबरला होता. तोवर रोपे पस्तीस दिवसांची, म्हणजे वयाने थोडी जून आणि उंचीने वीतभर झाली होती. वांग्याचे किंवा मिरचीचे रोप असते तर काळजी वाटली असती, पण टोमॅटोला निसर्गाने एक वेगळीच सोय दिली आहे. त्याच्या देठाचा जो भाग मातीखाली जाईल, तेथे तेथे नवी मुळे फुटतात. म्हणून खालची पाने काढून टाकून रोप पेल्यातल्यापेक्षा खोल, वरची चार-पाच पाने तेवढी बाहेर राहतील असे लावावे. रोप फारच लांबुडके झाले असेल तर उथळ चर काढून त्यात देठ आडवा निजवावा आणि शेंडा हळूच वर वळवावा. जी उंची उणेपण वाटत होती, तीच मुळांच्या कामी येते.

लावणीचा दिवस ढगाळ असला तर उत्तम, नसला तर वेळ संध्याकाळची. तासभर आधी पेल्याला पाणी द्यावे, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. पेला उलटा धरून बोटांमधून रोप अलगद सोडवावे. कुंडी किमान पंधरा-वीस लिटर मातीची हवी. जमिनीत लावणार असाल तर दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. आधाराची काठी त्याच वेळी रोवावी, नंतर रोवली तर मुळे तुटतात. लागलीच पोटभर पाणी द्यावे आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारच्या वेळी वर्तमानपत्राची टोपी किंवा उपडी टोपली घालावी. पाचव्या दिवशी शेंड्याला नवी पालवी दिसली की रोपाने घर धरले असे समजावे. त्यानंतर दोन-तीन दिवसांआड खोलवर पाणी. रोजचा शिडकावा नको.

नऊ रोपांपैकी सात आम्ही दिली, दोन घरी ठेवली. पुढचा हिशेब प्रामाणिकपणे सांगतो. दिलेल्या सातांपैकी एक पाण्याने मेले. त्या घरच्या आजोबांना आम्ही काय बोलणार! एकाला बकरीने खाल्ले. पाच जगली आणि फळली. आमच्या घरच्या दोहोंपैकी एकाला डिसेंबरात चुरडा-मुरडा झाला, ते उपटून टाकावे लागले. दुसऱ्यावर पहिली हिरवी फळे आली त्याच आठवड्यात माकडांची टोळी गच्चीवर येऊन गेली. आईच्या पुडीत आता एकही बी उरले नव्हते आणि तिच्या झाडाचे एकही फळ आमच्या घरात पिकले नव्हते.

२०२४ च्या फेब्रुवारीत रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या तेलुगू बाई आल्या. आमच्याकडून रोप नेलेल्या सात घरांपैकी त्यांचे एक. त्यांनी पदराखालून एक वाटी पुढे केली. वाटीत पाच टोमॅटो होते. लहान, चपटे, देठाकडे घड्या पडलेले. सौभाग्यवतींनी दोहोंचे सार केले आणि तिघांचा गर वाटीत पिळून झाकून ठेवला.

त्या वर्षी चतुर्दशी ते दसरा पंचवीस दिवस होते आणि रोपे वेळेवर पोचली. डबीत आता पाच घरांच्या पुड्या आहेत. प्रत्येकीवर महिना, साल आणि ज्याच्या त्याच्या हातचे अक्षर; एकीवरचे तेलुगूत. आईची पुडी त्यांच्या तळाशी रिकामी ठेवली आहे. ज्यांना बी हवे असेल, त्यांनी गणपती बोळवून झाल्यावर आमच्याकडे यावे. दहा बिया मिळतील. अट एकच, की पाचच पेराव्यात, आणि रोप झाले की एक तरी दुसऱ्याच्या घरी द्यावे.